दार आधी उघडायचं : टिळकवाडीतल्या एका पीजीचं प्रकरण

गणपतीच्या शेवटच्या आठवड्यातली रात्र. सव्वादहाला बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका पीजीच्या, म्हणजे मुली भाड्याने राहतात अशा घराच्या, फाटकापुढे तीन विद्यार्थिनी उभ्या होत्या आणि फाटकाला आतून कुलूप होतं. त्यांनी हाका मारल्या, बेल दाबली, फोन लावले. दार उघडलं नाही. तिघींनी ती रात्र बेळगाव स्टेशनच्या फलाटावर काढली, आणि उजाडायच्या आत त्यांच्यातल्या एकीच्या वडिलांनी ठरवून टाकलं की पोरीचं शिक्षण आता बास.

मी त्याच गल्लीत राहतो आणि कॉलेजात शिकवतो. पुढच्या बोलण्याला दोन्हीकडच्यांनी मला बसवून घेतलं, त्यामुळे हे प्रकरण जवळून बघता आलं. ते सविस्तर लिहितोय, कारण आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांत दर जूनमध्ये हाच प्रश्न उभा राहतो. पोरगी शहरात शिकायला ठेवली, तर तिच्या रात्रीचं काय करायचं? नावं कुणाचीच देत नाही. मुलींना गावावरूनच ओळखू. त्या घरातही त्या एकमेकींना तशाच हाक मारतात. खानापूरची, निपाणीची, चंदगडची.

घर आणि साडेआठचं कुलूप

घर जुनं, बैठं. पुढच्या भागात मालकीण राहतात, मागच्या दोन खोल्यांत चार खाटा. मालकीणबाई घरात कन्नड बोलणाऱ्या, मराठी तुमच्याआमच्यासारखीच सफाईदार. सगळ्या मुली त्यांना अज्जी म्हणतात. पती वारले, मुलं परगावी नोकरीला. या चार खाटांचं भाडं हा त्यांचा मुख्य आधार. वय सत्तरीकडे झुकलेलं, रक्तदाबाची गोळी घेऊन नऊला झोपतात. फाटकाची किल्ली उशीखाली.

खानापूरची मुलगी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. तिचं गाव जांबोटीच्या बाजूला, घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. निपाणीची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. चंदगडची बी. फार्मला; तिचं गाव शिनोळीच्या पलीकडे, म्हणजे महाराष्ट्रात, पण तिकडच्या लोकांना मोठं शहर म्हणजे बेळगावच. चौथी मुलगी त्या आठवड्यात गावी गेली होती.

फाटक साडेआठला बंद व्हायचं. हा नियम अज्जींचा, असं सगळे धरून चालले होते. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की तो पालकांनी घालून दिलेला आहे. मुलीला पहिल्यांदा सोडायला आलेला प्रत्येक बाप हात जोडून एकच सांगून गेला होता, ‘‘साडेआठच्या आत घरात घ्या, आता जबाबदारी तुमची.’’ मागे एकदा अज्जींनी उन्हाळ्यात नऊपर्यंत फाटक उघडं ठेवलं, तर एका आईने फोनवरून त्यांना सुनावलं. त्या दिवसापासून कुलूप पक्कं झालं. एकट्या बाईने चार घरांच्या अब्रूची राखण करायची, वर शेजाऱ्यांचं ‘‘काय ओ, तुमच्या पोरी उशिरा येतात म्हणे’’ ऐकून घ्यायचं. अज्जींना या गोष्टीत खलनायक करणं सोपं आहे आणि ते साफ चुकीचं आहे.

साडेआठच का, यावर मी बराच विचार केला. खानापूर, चंदगड, हुक्केरी, कुठल्याही तालुक्यातलं आडगाव घ्या. तिथे रात्र घड्याळावर होत नाही, वस्तीच्या गाडीवर होते. बेळगावहून सुटलेली शेवटची बस आठ-साडेआठला गावात शिरते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच मुक्काम करतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. त्या गाडीने जो आला तो घरी आला. जो आला नाही, त्याचं काहीतरी झालं. आईबापांनी आयुष्यभर हेच माप वापरलं आणि पोरीबरोबर तेच शहरात पाठवून दिलं. शहरात मात्र साडेआठला ग्रंथालयातून उठायची वेळ झालेली नसते, प्रॅक्टिकलचं जर्नल अर्धं असतं, खाऊ कट्ट्यावर नुकती गर्दी जमायला लागलेली असते.

दुसरं कारण पुणे-बेंगळुरूचं. आपल्याकडे मुलीला पुण्याला न पाठवता बेळगावात ठेवतात, त्यात फी आणि अंतर आहेच, पण मोठा भाग रात्रीचा आहे. फर्ग्युसन रस्ता, कोरमंगला, इंदिरानगर ही नावं गावातल्या लोकांनाही पाठ झालीत. तिथले पब एक-दीडपर्यंत चालतात. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एक अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. ती बातमी आमच्या गल्लीतही आठवडाभर बोलली जात होती. पार्टी बारावीच्या निकालाची होती म्हणे, हे प्रत्येक बापाच्या डोक्यात बसलं. ‘‘त्यापेक्षा आपलं बेळगाव बरं, दहाला सगळं चिडीचूप.’’ शहर लवकर झोपतं हीच त्याची लायकी ठरली. या मोजमापात एक गोष्ट निसटते : शहर झोपलेलं असलं की रस्ता मोकळा होतो, आणि मोकळ्या रस्त्यावरून घरी येणारी मुलगी एकटी पडते.

ती रात्र

बेळगावचा गणपती ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. झेंडा चौकातल्या मंडळाची परंपरा लोकमान्य टिळकांपर्यंत मागे जाते. गौरी गेल्या की देखावे खुले होतात आणि शहराची रात्र लांबते. गणपत गल्ली, मारुती गल्ली, माळी गल्ली, कडोलकर गल्ली, शहापूर. कडेवर झोपलेली पोरं घेतलेले बाप, हातात चपला घेतलेल्या म्हाताऱ्या, खेडेगावांतून टेम्पो करून आलेली माणसं, सगळे पायीच. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे. सणांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ती मुदत बारापर्यंत वाढवू शकतं. त्या दिवसांत पोलीस बंदोबस्तही तसाच उशिरापर्यंत असतो. चौकाचौकांत दिवे, होमगार्ड, पाण्याची सोय, सगळं असतं.

तिघी सहा वाजता निघाल्या. निघताना अज्जींना म्हणाल्या, ‘‘साडेनऊपर्यंत येतो आम्ही.’’ अज्जी ‘‘बघा’’ म्हणाल्या. हे ‘बघा’ मुलींनी परवानगी समजलं; अज्जींच्या मनात ती ताकीद होती.

नऊला परत फिरायचं ठरलं तेव्हा गर्दीतून बाहेर पडायलाच अर्धा तास गेला. आतल्या गल्ल्यांत वाहनबंदी. धर्मवीर संभाजी चौकापर्यंत आल्या तर रिक्षावाले टिळकवाडीचं नाव काढलं की दुप्पट-तिप्पट सांगत होते, किंवा मान हलवत होते. तिकडून परतीचं भाडं मिळत नाही ही त्यांची अडचण. इथे मीटर टाकायची पद्धत जवळजवळ नाहीच, त्यामुळे घासाघीस करण्यात आणखी वेळ गेला. शेवटी चालत निघाल्या. गोगटे सर्कलपर्यंत माणसं होती. पुढे काँग्रेस रोड लागला.

1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात भरलं, त्यावरून हे नाव. सकाळी फिरायला सुंदर रस्ता. एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसरीकडे मिलिटरी महादेवाच्या देवळाच्या आसपास लष्कराची हद्द. म्हणजे दुकान नाही, ओटा नाही, खिडकीतून बघणारं माणूस नाही. इथे एका मोटरसायकलवरचे दोघे मागून आले, गाडी हळू केली, काहीबाही बोलले, पुढे जाऊन वळले आणि पुन्हा शेजारून गेले. निपाणीच्या मुलीने मोबाईलचा टॉर्च त्यांच्या नंबरप्लेटवर मारला तेव्हा निघून गेले. तक्रार करायचा विचार तिघींनी त्याच क्षणी सोडून दिला. पहिला प्रश्न ‘‘एवढ्या रात्री काय करत होता?’’ हाच असणार, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि मग ते फाटक. अज्जी गोळी घेऊन झोपलेल्या, फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला. समोरच्या घरी दिवा लागला. एका माणसाने खिडकीतून बघितलं आणि खिडकी लावून घेतली. तो मी नव्हे; माझं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आहे. पण तो माझ्या ओळखीचा आहे, आणि हे मी त्याला तोंडावर बोललोय.

पाऊस भुरभुरायला लागला. लॉजवर जायची तिघींपैकी एकीचीही हिंमत नव्हती. स्टेशनवर माणसं असतात, पोलीस असतात, म्हणून त्या स्टेशनकडे निघाल्या. त्याच काँग्रेस रोडवरून, आता अकराच्या सुमाराला. प्लॅटफॉर्म तिकीट काढून बाकावर बसल्या. बाराला खानापूरच्या मुलीने घरी फोन केला. वडील आणि चुलतभाऊ मोटरसायकलवरून निघाले. गाव ते खानापूर जंगलातला कच्चा-पक्का रस्ता, पुढे बेळगावपर्यंत 26 किलोमीटर हायवे, वर पाऊस. दोन वाजता ते फलाटावर आले तेव्हा चिंब भिजलेले होते आणि रागाने थरथरत होते. मुलीला पहाटेच्या पहिल्या गाडीने घरी नेलं. तिचं सामान दुसऱ्या दिवशी भाऊ येऊन घेऊन गेला.

धोका कुठे होता

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी एकच सवाल : गेल्याच कशाला? अज्जी तेच विचारत होत्या, वडील तेच, गल्ली तेच. मी कागदावर त्या रात्रीचे तास मांडून पाहिले. सहा ते साडेनऊ, म्हणजे जी ‘मजा’ सगळ्यांना खटकत होती तो भाग, त्या हजारो माणसांत होत्या. तिथे त्यांना काही झालं नाही. त्रास झाला तो घरी परत येताना, निर्जन दीड-दोन किलोमीटरमध्ये. तो रस्ता त्यांना दुसऱ्यांदा तुडवावा लागला तो कुलपामुळे. उघड्या फलाटावर बसावं लागलं ते कुलपामुळे. एक बाप मध्यरात्री पावसात हायवेवर आला तोही कुलपामुळेच. ज्याला सगळे सुरक्षा म्हणत होते, त्यानेच त्या रात्रीचा अर्धा-अधिक धोका तयार केला होता.

आणि हे फक्त बाहेर राहिलेल्यांचं नाही. चार मुली आत, मागच्या खोल्यांना दुसरं दार नाही, किल्ली झोपलेल्या बाईच्या उशीखाली. गॅस पेटला, शॉर्टसर्किट झालं तर? हा प्रश्न मी विचारला तेव्हा अज्जींचा चेहरा उतरला. आजवर कुणीही तो त्यांच्यापुढे मांडला नव्हता.

कायद्याचं बघायला गेलो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळ प्रतिबंधाचे 2015 चे विनियम आहेत, राजपत्रात 2016 मध्ये आलेले. त्यांत स्पष्ट म्हटलंय की सुरक्षेचं कारण पुढे करून वसतिगृहात मुलींना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्रिशूरच्या एका कॉलेज वसतिगृहाचा, मुलींनी फर्स्ट शो-सेकंड शो सिनेमाला जायचं नाही, हा नियम रद्द केला. 2022 मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजच्या मुलींनी साडेनऊच्या बंदीविरुद्ध याचिका केली, तेव्हा मुलींनाच का कोंडायचं असा सवाल त्याच न्यायालयाने केला. त्यानंतर सरकारने गेटची वेळ मुलगे-मुली दोघांना सारखी केली. हे सगळं वाचून बरं वाटतं. पण आमच्या गल्लीतलं घर कुठल्या कॉलेजचं वसतिगृह नाही. तिथे विनियम नाहीत, तक्रार समिती नाही, वॉर्डन नाही. बेळगावात शिकणाऱ्या खेड्यातल्या मुलींमधल्या कितीतरी अशाच घरांत राहतात आणि कायद्याचा हात त्यांच्या फाटकाअलीकडेच थांबतो. जे करायचं ते माणसांनी समोरासमोर बसूनच.

बैठक

खानापूरची मुलगी घरी बसली होती. 75 टक्के हजेरीची अट, प्रॅक्टिकल सुरू झालेली. तिच्या विभागातल्या बाईंनी मला फोन केला आणि आम्ही दोघांनी पालकांना बोलावलं. रविवारी, अज्जींच्या ओसरीवर. खानापूरचे आई, वडील, भाऊ आले. निपाणीची आई आली. चंदगडचे वडील मोटरसायकलवरून आले. मुलीही बसल्या होत्या. त्यांना आत पाठवा असं एक-दोघांनी सुचवलं, ते आम्ही मानलं नाही.

पहिला तास आरोपांतच गेला. खानापूरचे वडील अज्जींना म्हणाले, ‘‘तुमच्या भरवशावर ठेवली होती ओ आम्ही.’’ अज्जी म्हणाल्या, ‘‘तुम्हीच सांगितलेलं कुलूप मी लावलं. उघडलं असतं तर तुम्हीच बोलला असता.’’ दोघंही खरं बोलत होते.

वळण दिलं ते खानापूरच्या मुलीच्या भावाने. तो अनगोळला मित्रांबरोबर खोली करून राहतो, पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो मान खाली घालून म्हणाला, ‘‘बाबा, मी रात्री दोनला येतो खोलीवर. मला आजपर्यंत कोण विचारलंय?’’ आणि मग त्याने सांगितलं की जुलैमध्ये तो आणि मित्र रात्री निघून चोर्ला घाटाने गोव्याला जाऊन आले होते.

इथे जरा थांबतो, कारण बेळगावच्या पोरांच्या रात्रीचं हे खास सीमेवरचं दुखणं आहे. कर्नाटकात दारू विकत मिळायला एकवीस वर्षं पूर्ण लागतात. महाराष्ट्रात बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस. गोव्यात अठरा. आपलं गाव या तिन्ही कायद्यांच्या मधोमध. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत साखळीला उतरलं की जे इथे मिळत नाही ते हक्काने मिळतं. स्वस्तही मिळतं. आणि मग त्याच रात्री, त्याच घाटाने परत. पावसाळ्यात तिथे दहा हातांवरचं दिसत नाही इतकं धुकं, वळणावर दरड, मोबाईलला रेंज नाही. मोटार वाहन कायद्याच्या 185 कलमाप्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या खेपेला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण चोर्ल्याच्या मध्यावर रात्री तीनला तपासणार कोण? शहरात पोरांना रात्री बसायला, खायला, गाणं ऐकायला धड जागा नाही, आणि दोन-तीन तासांवर गोवा आहे. ही पोरं वाईट नाहीत. त्यांच्या रात्रीकडे कुणी लक्षच दिलेलं नाही. मुलीच्या रात्रीला कुलूप आहे, मुलाच्या रात्रीला साधी विचारणाही नाही, आणि जीव मात्र बहुधा मुलाचा जातो.

भावाच्या त्या वाक्याने बैठक अर्धा तास भरकटली. वडील त्याच्यावर उखडले, आई रडली. मग आईच बोलल्या. शांत बाई, तोवर एक शब्द नव्हता. म्हणाल्या, ‘‘शिवजयंतीला आम्ही गावच्या बायका येतो की बेळगावला. चित्ररथ बघायला पायरीवर रातभर बसतो, उजाडल्यावर पहिल्या गाडीने जातो. आम्हाला कोण काय केलंय?’’

बेळगावची शिवजयंती वैशाखातली, तिथीप्रमाणे. नरगुंदकर भावे चौकातून पालखी निघते आणि चित्ररथांची मिरवणूक सकाळपर्यंत चालते. खेड्यापाड्यांतल्या बायका-पोरं शहराच्या रस्त्यावर रात्रभर असतात आणि त्याला कुणी ‘नाइटलाइफ’ म्हणत नाही, पण तीच या शहराची खरी रात्र आहे. आईंच्या बोलण्यात मला जे दिसलं ते असं : बाईला रात्री सुरक्षित वाटतं ते बरोबर माणसं असली, रस्त्यावर दिवा असला आणि परत जायची सोय पक्की असली की. हे या बायकांना माहीतच होतं. फक्त पोरीच्या बाबतीत ते लागू करायचं राहिलं होतं.

त्यानंतर काम सोपं झालं. निपाणीच्या आईने वही मागितली आणि एकेक गोष्ट लिहून काढली. रोजची वेळ साडेनऊ. परीक्षा, प्रोजेक्ट, गणपतीचे शेवटचे दिवस, शिवजयंतीची रात्र यांना उशीर चालेल, पण कुठे जाणार ते सातच्या आत अज्जींना आणि घरी आईला मेसेज करून कळवायचं, आणि एकटीने नाही. बाजूच्या छोट्या दाराची किल्ली चौघींतल्या थोरलीकडे. अज्जींचा फोन रात्री उशाशी, आवाज चालू. गल्लीतच राहणारे एक रिक्षावाले मामा आहेत. त्यांना बोलावून रात्री दहानंतर चौकातून आणायचं भाडं आधीच ठरवून घेतलं, म्हणजे घासाघीस नको. ते भाडं मुलींनी वाटून घ्यायचं. दिवसा खानापूरच्या आणि निपाणीच्या मुलीला कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे बस फुकट असते, जून 2023 पासून. चंदगडच्या मुलीला कर्नाटकचा पत्ता नाही म्हणून ती तिकीट काढते. म्हणून तिचा वाटा थोडा कमी, हे मुलींनीच ठरवलं.

आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात जास्त वाद होऊन आलेलं कलम : कितीही उशीर झाला, सांगितलेलं असो वा नसो, दार आधी उघडायचं. विचारायचं ते सकाळी. खानापूरच्या वडिलांना हे पटत नव्हतं, ‘‘मग धाक काय राहिला?’’ म्हणाले. मी त्यांना एवढंच विचारलं की त्या रात्री दोन वाजता फलाटावर पोचेपर्यंत त्यांच्या मनात धाक होता की आणखी काही. त्यांनी पेन घेतलं आणि सही केली.

ज्यांनी सही केली नाही

चंदगडच्या वडिलांनी केली नाही. त्यांचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं होतं. ते म्हणाले, पोरीला काही झालं तर मी इथल्या पोलीस स्टेशनात कुठल्या भाषेत बोलू? माझं आधार कार्ड महाराष्ट्राचं, ओळख कुणाची नाही, कागद सगळे कन्नडमध्ये. साडेआठच्या आत ती घरात आहे एवढंच माझ्या हातात आहे.

मी त्यांना सांगितलं की राज्यघटनेचं कलम 350 आहे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत कुणालाही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडता येतं. तातडीच्या मदतीचा 112 नंबर मुलीच्या फोनमध्ये घालून दिला. अज्जी म्हणाल्या, ‘‘मी येते की तुमच्याबरोबर स्टेशनात, मी बोलते कन्नड.’’ त्यांना बरं वाटलं, चहा घेतला, अज्जींच्या पाया पडले. सही नाही केली. 1956 साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून या भागात राहणाऱ्यांच्या मनात कचेरीची जी धास्ती साठत आलीय, ती एका रविवारी जात नाही. त्यांची मुलगी अजून साडेआठच्या नियमावर आहे. मात्र उशीर झाला तर दार तिच्यासाठीही उघडेल, हे अज्जींनी त्यांच्यासमोरच सांगितलं, आणि त्यावर ते काही बोलले नाहीत.

पुढे काय झालं

खानापूरची मुलगी पंधरवड्याने परत आली. हजेरी थोडी कमी पडली, ती विभागाने जादा प्रॅक्टिकल घेऊन भरून काढली. निपाणीच्या मुलीने नवी वेळ सगळ्यात जास्त वापरली, बहुतेक लॅबसाठी. देखाव्यांपेक्षा अभ्यासाच्या रात्रीच जास्त निघाल्या, हे पालकांना नवीन होतं, मला नव्हतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मध्यंतरी चौथ्या मुलीने न कळवता दोनदा उशीर केला आणि छोट्या दाराची किल्ली बाहेरच्या मैत्रिणीकडे ठेवून आली. अज्जी चिडल्या, किल्ली महिनाभर काढून घेतली. तेव्हा मला भीती होती की सगळी वहीच केराच्या टोपलीत जाणार. पण त्या महिन्यातही रात्री पावणेअकराला बेल वाजली तेव्हा अज्जी उठल्या, दार उघडलं, आणि सकाळी सातला त्या मुलीला बसवून अर्धा तास बोलल्या. रिक्षावाले मामा दोनदा आले नाहीत, एकदा लग्नसराईत आणि एकदा गाडी बंद पडली म्हणून. आता दुसऱ्या एका ओळखीच्या रिक्षाचाही नंबर वहीत आहे. भावाने वडिलांना शब्द दिला की रात्रीचा घाट करणार नाही. तो पाळतो का, हे त्याची बहीण आता स्वतः विचारते, आणि तो निमूटपणे उत्तर देतो.

राहिला काँग्रेस रोड. गल्लीतल्या काही जणांनी मिळून मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात दिवे मागणारा अर्ज महापालिकेत दिलाय, मराठी आणि कन्नड दोन्हीत. सणाच्या रात्री सीबीटी या बसस्थानकावरून टिळकवाडी-अनगोळकडे उशिरापर्यंत शहर बस सोडावी, हीही मागणी त्यात आहे. आणि ज्या कॉलेजांत या मुली शिकतात, त्यांच्यापैकी दोन ठिकाणी आम्ही सुचवलंय की प्रवेशाच्या वेळी पीजीत राहणाऱ्या मुलींचे पत्ते नुसते फॉर्मवर लिहून घेऊ नका. विभागातल्या एका बाईंनी वर्षातून एकदा तरी तिथे जाऊन यावं आणि घरमालकिणीला एकच विचारावं, रात्री उशिरा बेल वाजली तर उठून दार कोण उघडतं. एका कॉलेजने यंदा जुलैपासून सुरुवात केली आहे.